डिशवॉशर घेण्याआधी पातेली मोजा

गेल्या महिन्यात तासगावहून मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, तुमच्याकडं ते भांड्याचं मशीन हाय की. कुठलं घेऊ? बजेट तीस हजार." मी विचारलं, "सिंकखालचा नळ आणि पॉवर पॉइंट यांच्यात अंतर किती?" तो म्हणाला, "ते कशाला? कंपनी सांगा." कंपनी सांगितली असती तर दोन मिनिटांत फोन संपला असता, आणि सहा महिन्यांनी शिव्या मला पडल्या असत्या. म्हणून त्याला जे तासभर ऐकवलं तेच इथे लिहितोय.

मी सांगलीत विश्रामबागेत राहतो. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये ३१ वर्षं काढली. रस, मळी आणि बॉयलरचं पाणी तपासणं हे काम. त्यामुळे डिशवॉशर म्हटल्यावर लोकांना भांडी दिसतात, मला पाणी दिसतं. आमच्याकडे मशीन आलं २०२५ च्या संक्रांतीला. त्याआधी आठ महिने भांडी मीच घासत होतो. हिच्या बोटांची कातडी फाटायला लागली, स्किनच्या डॉक्टरांनी साबण-पाणी बंद सांगितलं, आणि कामाच्या मावशींचं त्याच सुमारास गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ओट्यावर वाकून पाठ धरली तेव्हा मला मशीनची अक्कल आली. हौस म्हणून काही घेतलं नाही.

पहिलं खरं बोलून टाकतो. पैसे वाचतील म्हणून डिशवॉशर घेणार असाल तर घेऊ नका. माझा हिशोब असा: रोज एक फेरी, पावडर आठ-दहा रुपयांची, मीठ (ते कशाला, पुढे येईल) आणि रिन्स एड, म्हणजे शेवटच्या विसळण्यात डाग राहू नयेत म्हणून घालायचं द्रव्य, मिळून तीनेक रुपये, वीज सव्वा युनिटच्या आसपास. माझ्या बिलात युनिट दहा रुपयांच्या घरात पडतं. म्हणजे दिवसाला पंचवीस, महिन्याला साडेसातशे. आमच्या गल्लीत भांड्यांचे महिन्याला हजार-बाराशे घेतात. वाचतात तीन-चारशे. त्या वेगाने तीस हजार वसूल व्हायला सात-आठ वर्षं जातील, मधे एखादी दुरुस्ती आली की हिशोब पुन्हा पाण्यात. मावशी वेळेवर येत असतील, काम चांगलं असेल, तर त्यांना पगार वाढवून द्या. हात, पाठ, वेळ किंवा पाणी यातलं काही अडत असेल तरच पुढे वाचा.

पाणी मात्र खरंच वाचतं. मी रात्रीची भांडी घासताना विसळायचं पाणी बादलीनेच घेऊन मोजलं होतं. अठरा लिटरच्या अडीच बादल्या, म्हणजे ४५ लिटर. मशीन त्याहून जास्त भांड्यांना इकॉनॉमी फेरीत दहा-अकरा लिटर घेतं.

तीन दिवस भांडी मोजा

दुकानात जायच्या आधी तीन दिवस एक काम करा. दिवसभरात खरकटी झालेली सगळी भांडी रात्री ओट्यावर मांडा आणि लिहून काढा. आम्ही कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत लिहिलं. आम्ही दोघं, मुलगा आणि सून. पहिल्या दिवशी ५८ नग भरले. दुसऱ्या दिवशी ६३. तिसरा दिवस रविवार, भाचे जेवायला, तो सोडून द्या. पण आकड्यापेक्षा यादी बघण्यासारखी होती. ताटं फक्त आठ. वाट्या अठरा. पेले, फुलपात्री, कप मिळून चौदा. आणि उरलेली सगळी अवजड फौज: कुकर, त्याचे दोन डबे, दुधाचं पातेलं, कढया दोन, झारा, डाव, पळ्या, किसणी, मिक्सरचं भांडं, परात.

हे कशासाठी, तर मशीनवर लिहिलेलं असतं '१२ प्लेस सेटिंग', '१३', '१४'. लोक समजतात बारा माणसांची भांडी. बारा माणसांचीच, पण युरोपातल्या. एक सेटिंग म्हणजे एका माणसाची मोठी प्लेट, सूपची प्लेट, गोडाची प्लेट, कप, बशी, ग्लास आणि काटे-चमचे. त्यात कुकर नाही, परात नाही. अमेरिकेत जोसेफिन कॉक्रेन नावाच्या बाईंनी १८८६ साली या यंत्राचं पेटंट घेतलं, तेही घरातल्या चिनी मातीच्या प्लेटांचे टवके उडतात म्हणून. जन्मच प्लेटांसाठी झालेला. म्हणून आतल्या जाळीला प्लेट उभी राहील अशा खुंट्या असतात, आणि आपली खोलगट कढई तिथे पाहुण्यासारखी अवघडून बसते.

आमच्यासारख्या चौघांच्या घराला १२ ते १४ सेटिंगचं, ६० सेंटिमीटर रुंदीचं मशीन लागतं. ओट्यावर ठेवायचं आठ सेटिंगचं छोटं मशीन स्वस्त दिसतं, पण त्यात पातेली मावत नाहीत, ओट्याची जागा जाते, आणि अवजड भांडी पुन्हा हातानेच. दोघं जण असाल, स्वयंपाक थोडका असेल, तर ठीक. जागाच नसेल तर ४५ सेंटिमीटरचं उभं, अरुंद मशीन बघा, ते मधला मार्ग आहे. ऐपत आणि जागा असेल तर मोठंच घ्या. छोटं दोनदा लावण्यापेक्षा मोठं एकदा लावलेलं पाण्यालाही परवडतं आणि विजेलाही.

पिशवी घेऊन दुकानात

आता जे केलं त्याला सून अजून हसते. मी कापडी पिशवीत आमचा पाच लिटरचा कुकर, मोठी कढई, एक ताट, चार वाट्या आणि सगळ्यात लांब झारा भरला आणि दुकानात गेलो. सेल्समन पोरगा वायफाय दाखवत होता. मी म्हटलं, "बाळ, ते राहू दे, खालची जाळी बाहेर ओढ." आणि एकेक भांडं लावायला लागलो. दुकानातलं एक जोडपं आपली खरेदी सोडून बघत उभं राहिलं.

दहा मिनिटांत जे कळलं ते कुठल्या पत्रकात नव्हतं. पहिल्या मशीनमध्ये खालच्या जाळीच्या खुंट्या पक्क्या होत्या, कुकर तिरका राहिला, त्याची कड वरच्या फिरत्या पंख्याला लागत होती. हा पंखा म्हणजे पाण्याचे फवारे मारणारी दांडी. एक वरच्या जाळीखाली, एक तळाला. ती अडली की भांडी नुसती ओली होतात. दुसऱ्या मशीनमध्ये खुंट्या आडव्या पाडता येत होत्या आणि वरची जाळी भरलेली असतानाही वर-खाली करता येत होती. कुकर बसला, कढई उपडी बसली. झारा मात्र उभा ठेवला की जाळीतून खाली उतरून तळाच्या पंख्याला अडायचा, तो वरच्या जाळीत आडवा टाकायचा हे तिथेच ठरलं. मी हाताने दोन्ही पंखे फिरवून बघितले. तुम्हीही बघा. पोरगा हसला तर हसू दे.

तिसऱ्या, अगदी वरच्या चमच्यांच्या ट्रेसाठी जादा पैसे देऊ नका. त्याने उंची जाते, आणि आपल्याला चमच्यांपेक्षा पातेल्यांचा प्रश्न आहे.

पाणी

इथे मी जरा रेंगाळणार, माफ करा.

आमच्याकडे दोन पाणी आहेत. एक महापालिकेचं, कृष्णेचं. दुसरं सोसायटीच्या बोअरचं. जुन्या लॅबमधल्या पोराकडून दोन्हींचा जडपणा, म्हणजे पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, काढून आणला. नळाचं १४५, बोअरचं ४८०. मिलिग्रॅम प्रतिलिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला २०० पर्यंत चांगलं म्हणतात, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पण पोटाला चालतं ते गरम कॉइलला चालत नाही. कारखान्यात बॉयलरच्या नळ्यांवर चढलेला खवला आम्ही छिन्नीने काढलेला आहे. गिझरची कॉइल बदलताना ती पांढरी पुटं तुम्हीही बघितली असतील. डिशवॉशरमध्ये तेच होतं, शिवाय काचेच्या पेल्यांवर दह्यासारखे डाग पडतात.

म्हणून मशीनच्या आत एक छोटा सॉफ्टनर असतो. त्यात रेझिनचे बारीक मणी. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम ते धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा ताजे करायचे. डिशवॉशरला मीठ लागतं ते यासाठी, भांडी घासायला नव्हे. कारखान्यातला सॉफ्टनर दोन पुरुष उंच होता, हा मुठीएवढा. तत्त्व एकच.

आता यातून खरेदीसाठी काय घ्यायचं? एक, मशीनमध्ये सॉफ्टनर आहे का आणि पाण्याच्या जडपणाप्रमाणे तो कमी-जास्त करता येतो का, हे आधी विचारा. मॅन्युअलमध्ये बहुधा जडपणाचे जर्मन अंश दिलेले असतात. आपल्या आकड्याला १७.८ ने भागा. आमचं नळाचं पाणी आठ अंश, बोअरचं सत्तावीस. मशीन बसवणारा माणूस कारखान्यातून आलेलं सेटिंग तसंच ठेवून जातो, त्याला थांबवून आपला आकडा भरायला लावा. दोन, टीडीएसच्या पेनवर जाऊ नका. तो पेन पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतो, त्यात निरुपद्रवी सोडियमही आलं. जडपणाच्या पट्ट्या किंवा थेंब टाकून रंग बघायचं किट वेगळं मिळतं. तेही नको असेल तर बोअरच्या पाण्यात अंगाच्या साबणाचा फेस होतो का बघा. चिपचिपीत साय आली तर पाणी जड.

तीन, जमत असेल तर मशीनला नळाचंच पाणी द्या. आमच्या टाकीत दोन्ही एकत्र यायचं, प्लंबरला सांगून स्वयंपाकघराची लाइन वेगळी केली. मीठ जिथे महिन्याला संपायचं तिथे आता तीन महिने जातं.

मीठ डिशवॉशरचंच आणा. घरातल्या मिठात आयोडीन आणि ते मोकळं राहावं म्हणून घातलेली द्रव्यं असतात. खडेमिठात माती आणि थोडं कॅल्शियमच असतं, म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या. आणि मीठ भरलं की लगेच फेरी लावा, सांडलेलं खारं पाणी रात्रभर स्टीलवर ठेवू नका.

नळ, टाकी, वीज

माझी फजिती इथे झाली. पाण्याची एवढी पंडिती करणारा मी, पाण्याचा दाब मोजायला विसरलो. आमचं घर बैठं, टाकी थेट स्लॅबवर. मशीन आलं, जोडलं, सुरू केलं. पाणी सुर्रर्र करत येत राहिलं आणि दहा मिनिटांनी पडद्यावर एरर. बसवायला आलेला म्हणाला, "काका, प्रेशर नाही," आणि चहा पिऊन गेला.

हिशोब सोपा आहे. पाण्याच्या टाकीचा तळ मशीनच्या नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तर एक 'बार' दाब मिळतो; बार हे दाबाचं माप. आमची उंची साडेनऊ फूट, म्हणजे ०.३ बारही नाही. मॅन्युअलमध्ये किमान दाब दिलेला असतो, कुठे ०.३, कुठे ०.५ बार. एमपीएमध्ये (मेगापास्कल, दाबाचंच दुसरं माप) दिला असेल तर दहाने गुणा. दुमजली घराच्या तळमजल्यावर असाल तर बहुधा अडचण नाही. वरच्याच मजल्यावर असाल आणि टाकी डोक्यावर असेल तर आधी टेप घेऊन उंची मोजा. मला शेवटी छोटा प्रेशर पंप बसवावा लागला. पंप आणि प्लंबर मिळून साडेपाच हजार गेले. म्हणून तीस हजारांच्या बजेटमध्ये मशीन पंचवीस-सव्वीसचंच बघा. बाकीचं नळ, पंप, पॉइंट आणि पहिल्या खेपेचं मीठ-पावडर खाऊन टाकतं.

बाकी भराभर सांगतो. नळ पाऊण इंची आट्यांचा लागतो, वॉशिंग मशीनला असतो तसा. पॉवर पॉइंट १६ अँपिअरचा, चांगल्या अर्थिंगचा. पाणी तापवताना मशीन दोन हजार वॉटच्या आसपास ओढतं, त्यामुळे मिक्सरच्या बोर्डावर एक्स्टेन्शन लावून चालवू नका. इन्व्हर्टरचा विचारही नको. सोलरच्या गरम पाण्याचा नळ मोकळा आहे म्हणून त्याला जोडू नका. पाण्याच्या तापमानाला मर्यादा असते, बहुतेक ठिकाणी ६० अंश, आणि आपल्या उन्हाळ्यात सोलर त्याच्या वर जातं.

सांडपाण्याचा पाइप मोरीत जमिनीवर टाकून देतात, ती चूक. त्याचं तोंड जमिनीपासून दीड-दोन फूट वर अडकवलं पाहिजे, नाहीतर सायफन होऊन मशीन भरता भरताच रिकामं होतं. मशीनच्या खालून उंदीर शिरू नये म्हणून जाळी लावून घ्या. वायर कुरतडली तर ती वॉरंटीत बसत नाही.

आणि सांगलीकरांसाठी एक. नदीकाठी तळमजल्यावर राहात असाल तर पाइप हाताने सुटतील असेच जोडून घ्या, मशीन ओट्याखाली सिमेंटमध्ये पक्कं बसवू नका. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या साडूच्या घरात फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. चाळीसला इशारा आला की वर उचलायच्या सामानाच्या यादीत आता त्याने डिशवॉशरही लिहिलाय.

पैसे कशाला द्यायचे, कशाला नाही

लागतं ते एवढंच: ६५-७० अंशांची कडक फेरी, रोजची इकॉनॉमी फेरी, नुसती विसळायची फेरी, आणि आतून पूर्ण स्टीलची टाकी. काही स्वस्त मशिनांत तळ प्लास्टिकचा असतो, हात घालून बघा. कडक फेरी आपल्याला हवीच, कारण तूप आणि डालडा कोमट पाण्याला दाद देत नाहीत. अर्धी फेरी असली तर बरी. वायफाय, आतला निळा दिवा, टचचं पॅनल, याला एक रुपया जास्त देऊ नका.

२२ सप्टेंबर २०२५ पासून डिशवॉशरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. तीस हजारांच्या मशीनमागे तेवीसशे रुपयांचा फरक पडतो. मी आठ महिने आधी घेऊन मोकळा झालो होतो, त्यामुळे हा आकडा मला तोंडपाठ आहे. दुकानात जुनं दरपत्रक दाखवून त्यावर 'सूट' म्हणतील, तर आधी बिलावर कराचा टक्का बघा. डिस्प्लेला ठेवलेलं मशीन मिळालं आणि वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरणार असतील तर तेही वाईट नाही. एखादा ओरखडा पडला असेल, तो बाजू कपाटाला लावली की झाकतो.

कंपनीपेक्षा मोठा प्रश्न म्हणजे दुरुस्तीला येणारा माणूस. बॉश, आयएफबी, एलजी, व्होल्टास बेको अशी नावं दुकानात असतात. विकायला सगळे सांगलीत, पण पंप बिघडला तर माणूस कुठून येतो? मी दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "लगेच येतो." मग मी टोल-फ्री नंबर लावून स्वतःचा पिनकोड सांगितला आणि विचारलं. एका कंपनीचा माणूस मिरजेत होता, दुसऱ्याचा आठवड्यातून एक दिवस कोल्हापूरहून यायचा. मी कुठलं घेतलं हे सांगायला नकोच.

काय घालायचं नाही

हे खरेदीच्या आधी वाचा, कारण यादीतली निम्मी भांडी यात निघाली तर मशीनच नको. ॲल्युमिनियम, पितळ, तांबं, कल्हईची भांडी, बिडाचा आणि लोखंडी तवा, नॉनस्टिक, पोळपाट-लाटणं, थर्मास, धारेची सुरी, यातलं काही नाही. कुकर स्टीलचा असेल तर रिंग आणि शिट्टी काढून.

आमच्या सासूबाईंनी हिला लग्नात दिलेली ॲल्युमिनियमची कढई होती. चाळीस वर्षं घासून आरशासारखी झालेली. मी ती पहिल्याच आठवड्यात कडक फेरीत घातली. बाहेर आली ती काळी-राखाडी, हात लावला की बोटाला काजळी. कारखान्यात आम्ही कॉस्टिक सोड्याने भांडी साफ करायचो, तिथे ॲल्युमिनियमचा चमचाही जवळ आणू द्यायचे नाहीत, आणि डिशवॉशरची पावडर त्याच अल्कलीच्या जातीची. सगळं ठाऊक होतं. ही काही बोलली नाही. कढई चिंचेने घासली, लिंबाने घासली, थोडी उजळली, पण तो आरसा काही परत आला नाही. आता ती वरच्या फळीवर असते.

हळदीचंही सांगतो, सांगलीत राहून ते टाळता येणार नाही. प्लास्टिकचे डबे आमटीच्या भांड्यांबरोबर घातले की सगळे पिवळे होतात. तेलात विरघळलेली हळद गरम पाण्यातून प्लास्टिकमध्ये मुरते. दोन दिवस उन्हात ठेवा, रंग बराचसा उडतो. स्टीलला काही होत नाही.

भांडी आधी विसळून घालू नका, फक्त खरकटं झटका. भाताची शितं आणि वरणाचे डाग पावडरीतली एन्झाइम खातात, त्यांना खायला काही ठेवा. करपलेलं दूध मात्र रात्री भिजवूनच. सिंकवरचं फेसाळ लिक्विड चुकूनही ओतू नका, फेस दारातून बाहेर येतो. फेरी संपली की दार जरा उघडं ठेवा, वाफ गेली की भांडी कोरडी होतात. तळाची गाळणी आठवड्याला काढून धुवा. आमच्या गाळणीत पहिल्या आठवड्यात जिरं, कढीपत्त्याचा देठ आणि सुनेच्या कानातली मळसुत्री सापडली.

मेव्हण्याला हे सगळं सांगून झालं तेव्हा तो थोडा वेळ गप्प होता. काल रात्री व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो आला: सिंकखालचा नळ, शेजारी त्याचा पसरलेला पंजा. खाली लिहिलंय, "दाजी, टाकी ते नळ अठरा वीत." मी उत्तर पाठवलं, "टेपने मोज. आणि बोअरचं पाणी बाटलीत भरून आण."